फ्रीजमधले कंद

वुडलँड्स, सिंगापूर
एप्रिल १९९७

प्रिय अनघा,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. रोज लिहायला बसायचे, पण दोन ओळींच्या पुढे हात सरकत नव्हता.

स्किलाचे कंद कसे आहेत असं विचारलंस, ते आधी सांगते. प्रबोध ते घेऊन आला तो दिवस मला नीट आठवतो. बोटीवरच्या चीफ इंजिनियरच्या परीक्षेसाठी तो इंग्लंडमध्ये साउथ शील्ड्सला राहिला होता. तिथल्या घरमालकिणीच्या घरामागे थोडी झाडी होती. बर्फ वितळलं की त्या झाडांखाली ही वीतभर उंचीची निळी फुलं येतात, म्हणाला. तुला ती दाखवायला न्यायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून कागदी पिशवीतून कंदच घेऊन आला. थंडी सोसल्याशिवाय यांना फूल धरत नाही, म्हणून तुम्ही दोघांनी ते भाजीच्या कप्प्यात ठेवले. बाबांनी छोटे कांदे समजून पोह्यांसाठी चिरायला घेतले, तेव्हा तू कशी धावलीस. "बाबा, विषारी असतात ते!" आणि प्रबोध हसता हसता खालीच बसला. त्याचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही. पुढच्याच महिन्यात तो बोटीवर गेला, आणि जपानच्या पुढे वादळात बोट बुडाली.

मेधाताई तुला पुण्याला माहेरी न्यायला आल्या, तेव्हा लिफ्टपाशी तू मला एवढंच म्हणालीस, "आई, मार्चमध्ये कंद बाहेर काढा." काढले. निम्मे सडलेले निघाले. उरलेले कुंडीत लावून कुंडी मोरीच्या खिडकीत ठेवली, घरात त्यातल्या त्यात गार जागा ती. सकाळ-संध्याकाळ मातीवर बर्फाचे खडे ठेवत होते. शेजारीण रोहाना हिनं विचारलं, हे काय करता. मी म्हटलं, थंडी देते. एकाच कंदाला कोंब आला, त्याला कळी धरली, आणि एका सकाळी पाहते तर ती उमललेली. मान खाली घातलेलं, नखाएवढं निळं फूल. मी बाबांना हाक मारली. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले, मग म्हणाले, "बघ, प्रबोध येतोय."

अनघा, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. बाकीच्यांचे देह मिळाले, आपल्या प्रबोधचा मिळाला नाही, तेवढ्यावर बाबा त्याची वाट बघत बसून आहेत. रोज जेवण झालं की MRT च्या गाडीनं निघतात आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या फेरी टर्मिनलवर जाऊन बसतात. तिथे बाटाम बेटाच्या फेरीबोटी लागतात, त्याची बोट तिथे कधीच लागत नव्हती. आयुष्य बंदरात काढलेल्या माणसाला हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तरी एकदा सांगितलं. तर म्हणाले, "तू आई असून असं बोलतेस?"

फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळून पडलं. उकाडाच इतका होता. बाबा म्हणाले, कंद पुन्हा फ्रीजमध्ये ठेव, पुढच्या वर्षी अनघा असेल. मी उकरून पाहिला तर बोटानं दाबला जाईल इतका मऊ झाला होता. ते टर्मिनलवर गेल्यावर मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये टाकला. बारा मजले खाली पडताना त्याचा आवाजही आला नाही. मग मोरीत उभी राहून रडले. प्रबोध गेल्याची बातमी आली त्या दिवशी घरात इतकी माणसं होती, की तेव्हा मला रडता आलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते सांगते. तू लिहिलंस की मेधाताईंनी श्रीनिवासचं स्थळ आणलंय, माणूस चांगला आहे, पण आई-बाबांना सोडून कसं होणार, म्हणून तू नाही म्हटलंस. बाबांनी तुझं इकडचं तिकीट काढलंय, या आठवड्यात तुझ्या हाती पडेल. ते वापरू नकोस. तू इथे आलीस तर ते तुला शेजारी बसवून समुद्राकडे बघायला लावतील, आणि तू बसशील, मला ठाऊक आहे. तू सव्वीस वर्षांची आहेस, पोरी. श्रीनिवासला हो म्हण. मी अडवलं असं मी बाबांना सांगेन, त्यांना जो राग धरायचा तो माझ्यावर धरू देत. आणि इथे फोन करू नकोस. फोन बाबाच उचलतात. त्यांचा आवाज ऐकलास तर तुला नाही म्हणता येणार नाही, आणि मी तुझा ऐकला तर मलाही येऊ नकोस म्हणवणार नाही.

तुझीच,
आई