पाकोळीची पांघरुणं

तीत-अलास, १८ डिसेंबर १९९७

ती. अफनासीदादास,
सायीनाचा शि. सा. नमस्कार.

तू शहरातून पाठवलेले नायलॉनचे लांब मोजे पोचले. इथे उणे पन्नासात ते घालून कुठे मिरवू, गोठ्यात? तरी सुरेख आहेत. उशाशी ठेवलेत.

तुझा मेव्हणा बरा आहे आणि त्याची पाकोळी त्याहून बरी आहे. इथले सगळेच नवरे आपल्या गाडीला पाकोळी म्हणतात, पण वीस वर्षांची, पंख झडलेली पाकोळी फक्त आमच्याच अंगणात आहे. तिची बॅटरी रात्री घरात झोपते, शेगडीलगत, मेंढीच्या कातड्यावर. मी भिंतीकडे. तिच्या बॉनेटवर गोधडी आहे, आणि कुठली गोधडी तर आईने माझ्या लग्नात शिवून दिलेली. रेडिएटरपुढे पुठ्ठा, खिडक्यांना आतून चिकटपट्टीने चिकटवलेली दुसरी काच, पायाखाली लोकरीचा जाड नमदा, आणि एका दाराला घोड्याच्या केसांची दोरी, कारण त्याची कडी गेल्या हिवाळ्यात हातात आली. रोज सकाळी हा माणूस गोठलेलं तेल पातळ करायला ब्लोलॅम्प पेटवून तिच्या पोटाखाली शिरतो. माझं पोट कसं आहे ते विचारायला त्याला दुपार उजाडते.

आता कामाचं. बाळ आडवं आहे. आमच्या मार्फा नर्सबाईंनी साफ सांगितलं की हे बाळंतपण गावात होणार नाही, केलं तर दोघांतलं एक जाईल. जानेवारीच्या सुरुवातीलाच नदीपलीकडे तालुक्याच्या इस्पितळात पोचायला हवं. छोटं विमान धुक्यामुळे बंद आहे. नदी पक्की गोठली आहे, बर्फावरून रस्ता सुरू झालाय. तुझी जपानी गाडी घेऊन ये रे. पाकोळीवर माझा भरवसा नाही, आणि हे प्रोकोपीला तोंडावर सांगायची मला लाज वाटते.

वहिनींना नमस्कार. धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सायीना


याकुत्स्क, २५ डिसेंबर १९९७

चि. सायीनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि मग कीव आली. मी तेव्हाच सांगितलं होतं की या प्रोकोपीच्या हातात पाना दिसतो, पण घर चालवायची अक्कल दिसत नाही. तुला तो ‘कष्टाळू’ वाटला. घे आता कष्ट.

पुठ्ठा, चिकटपट्टी, दोरी! गाडी आहे की भिकाऱ्याचं गाठोडं? आमच्या वाड्यातल्या गॅरेजात हीटर आहे. मी किल्ली फिरवतो आणि गाडी सुरू होते, एवढंच. ब्लोलॅम्प मी शेवटचा कधी पाहिला तेही आठवत नाही.

येणं जमणार नाही. तुमच्या रस्त्यावरच्या गोट्यांनी पुढचा दिवा फुटला तर तो जपानहून मागवावा लागतो. शिवाय सुट्टीत मला मित्राकडे जायचंय, शिंगराचं मांस आणि मासे आणायला, ते आधीच ठरलंय. ज्याने लग्न केलं त्याने बायकोला इस्पितळात न्यावं. तेवढंही जमत नसेल तर पाकोळी कसली, कोंबडी म्हणा.

तुझी वहिनी लुकेर्या आठवण काढते. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा


तीत-अलास, २ जानेवारी १९९८

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र प्रोकोपीने वाचलं. मी लपवलं नव्हतं. वाचून तो बाहेर गेला आणि पाकोळीच्या पंख्याचा पट्टा काढून बघत बसला. पट्ट्याला चिरा गेल्यात. या थंडीत रबर काचेसारखं तडकतं, आणि नवा पट्टा गावात कुणाकडेच नाही. मग आत येऊन त्याने खाली मान घालून तुझे मोजे मागितले. पट्टा तुटला तर ते पिळून, गाठ मारून त्या जागी चढवता येतात म्हणे. मी हसून हसून बेजार झाले. मग रडले.

त्याच्या जुगाडांना नावं ठेवायचा हक्क माझा आहे, दादा. मी त्या गाडीत बसते. तू नाही.

हवा जरा मोकळी झाली की निघू. राग आलाय, तरी तुझ्या मायेची आशा सोडलेली नाही.

सायीना


याकुत्स्क, १२ जानेवारी १९९८

चि. सायीनास,
अनेक आशीर्वाद.

मित्राकडून परतलो तर तुझं रागाचं पत्र येऊन पडलेलं. माझे मोजे इंजिनाला! लुकेर्याला वाचून दाखवलं, तिने मात्र तोंड फिरवलं. तिचं काहीतरी बिनसलंय, वाटेतल्या एका फालतू गोष्टीवरून.

झालं असं की नदीवर, पलीकडचा काठ जवळ आल्यावर, कुणीतरी टायर जाळत बसलं होतं. दाट धुकं, त्यात काळा धूर, गाडी धड दिसलीही नाही. एक बोजड माणूस हात हलवत रस्त्यात आला. लुकेर्या थांबा थांबा करून ओरडली. मी वळसा घालून काढली. असली भंगारं घेऊन भर थंडीत निघायचं आणि मग दुसऱ्यांनी यांना ओढायचं! शिवाय दार उघडलं असतं तर जळक्या रबराचा वास नव्या गाद्यांना कायमचा लागला असता. मला तर तुझा नवराच आठवला. लुकेर्या तेव्हापासून अबोला धरून आहे.

पोचलात की कळव. बाळाचं काय ते लिही. तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, हे समजून अस.

तुझा,
दादा


तालुका इस्पितळ, २० जानेवारी १९९८

श्री. अफनासी यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र गावाहून फिरून इथे मिळालं.

मुलगी झाली. पोट कापावं लागलं. दोघी जगलो.

पट्टा नदीच्या मधोमध तुटला. प्रोकोपीने तुमचे मोजे चढवले आणि ते काठ दिसेपर्यंत टिकले. तुमच्याकडून आलेली तेवढीच एक वस्तू आमच्यासाठी धावली. मग तेही वितळले आणि इंजिन गेलं. प्रोकोपीने आईची गोधडी बॉनेटवरून काढून मला गुंडाळली. आधी जादा टायर पेटवला. त्या आगीत डब्यातल्या लोण्याचा तुकडा टाकला, रीतीप्रमाणे, आणि अग्नीला वाट दाखव म्हणाला. मग बाकीची चाकं काढली. मग सीटा, नमदा, पुठ्ठा, दोरीसुद्धा. ज्या गाडीला तो लेकरासारखा जपत होता तिचा एकेक तुकडा त्याने स्वतःच्या हाताने जाळला आणि मला आगीजवळ बसवून ठेवलं. उघड्या हातांनी नट काढताना त्याच्या दोन बोटांची टोकं गेली.

मधे एक गाडी आली. पांढरेशुभ्र दिवे. तो हात हलवत धावला आणि ती वळसा घालून निघून गेली. मी शिव्या घातल्या. त्याने मला गप्प केलं. म्हणाला, परका कुणी असेल, आपल्याकडचा माणूस धूर बघून असा जात नाही. शेवटी लाकडाचा ट्रक थांबला. ड्रायव्हर आमच्या ओळखीचा नव्हता. त्याने नावही विचारलं नाही, आधी मला उचलून आत बसवलं.

तुमचं पत्र मी प्रोकोपीला वाचायला दिलेलं नाही. तो अजून त्या माणसाला परकाच समजतो. तसंच राहू द्यावं असं माझ्या मनात आहे.

पाकोळीचा सांगाडा अजून नदीवर आहे. मे महिन्यात बर्फ फुटलं की तळाला जाईल, आणि त्या पाण्यात गावं मासे धरतात. त्याआधी येऊन तो तुमच्या गाडीने ओढून काठावर लावावा. थांबायची जागा तुम्हाला ठाऊक आहे. गाद्यांना वास लागेल, तो लागू द्यावा.

लुकेर्यावहिनींना माझा साष्टांग नमस्कार.

कळावे.

सायीना