दीड अँपिअर

तीर्थरूप आत्या,

सर्वांचा नमस्कार: माझा वाकून, आईचा गुडघ्यांमुळे बसल्या जागेवरून, आणि अण्णांचा नाकात नळी असल्यामुळे नुसते हात जोडून. तुझा मोतीबिंदू काढलेला डोळा आता कसा आहे? अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. मध्येच डोळ्याला पाणी आलं तर पत्र बाजूला ठेव, उरलेलं सावकाश वाच.

अण्णा दवाखान्यातून घरी आले हे तुला फोनवर कळलंच आहे. पुढचं फोनवर सांगता येत नाही, कारण अण्णा कायम हाकेच्या अंतरावर असतात (फुप्फुसं थकली असली तरी कान अजून तरुण आहेत). डॉक्टरांनी घरी एक यंत्र लावायला सांगितलं. हवेतला प्राणवायू वेगळा काढून तो नळीनं नाकात सोडणारं, चाकाच्या बॅगेएवढं, सतत घरघरणारं. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं साडेतीनशे वॉट. आणि अण्णांच्या खोलीची लाइन ज्या बटणावरून जाते (जास्त वीज ओढली की आपोआप खाली पडतं ना, ते) त्यावर लिहिलं होतं दहा अँपिअर. आता यंत्र बोलतंय वॉटमध्ये आणि भिंत बोलतेय अँपिअरमध्ये. दोघांची गाठ कशी घालायची? तुला माहीत आहे, माझी सगळी नोकरी छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात चालली आहे. वेलांटी चुकली तर मला झोप लागत नाही, पण विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरताच. शाळेतलं एवढं आठवलं की वॉट, व्होल्ट आणि अँपिअर यांचा काहीतरी गुणाकार असतो. घरात वीज येते दोनशे तीस व्होल्टची. मी गुणाकार केला. उत्तर आलं ऐंशी हजार पाचशे अँपिअर.

मी दोनदा पडताळून पाहिलं. गुणाकार अचूक होता. मग मी अत्यंत गंभीरपणे वीज कंपनीला फोन लावला आणि ऐंशी हजार अँपिअरची जोडणी मिळेल का असं विचारलं. पलीकडच्या बाईंनी आकडा पुन्हा एकदा वदवून घेतला. मग अदबीनं म्हणाल्या, "कारखाना कसला आहे आपला?" मी म्हणालो, "कारखाना नाही, वडील आहेत." त्यांनी फोन ठेवला. (मी त्यांना दोष देत नाही.)

तुझ्या भाचेसुनेनं भाजी निवडता निवडता हे ऐकलं आणि मान वर न करता म्हणाली, "अहो, गुणायचं नाही, भागायचं. वॉटला व्होल्टनं भागा." साडेतीनशे भागिले दोनशे तीस. दीड. फक्त दीड अँपिअर! आत्या, माझा बाप दीड अँपिअरवर जगतोय हे कळल्यावर मला आधी हसू आलं, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुवावं लागलं.

तिथंच थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण नव्यानं भागाकार शिकलेला माणूस स्वस्थ बसत नाही. मी घरातल्या प्रत्येक वस्तूला उलटी करून तिचे अँपिअर काढले. इस्त्री साडेचार. मिक्सर दोन-सव्वादोन. आणि आई गुडघ्यांसाठी लावते तो हीटर दोन हजार वॉट, म्हणजे आठ पूर्णांक सात. हीटर आणि यंत्र दोन्ही अण्णांच्या खोलीत. बेरीज दहाच्या वर. मी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, की ही दोन्ही एका वेळी चालली तर बटण पडेल, यंत्र बंद होईल आणि अण्णांचा श्वास अडकेल. बोललो ते बरोबर होतं. कुणासमोर बोललो, ते चुकलं. अण्णा आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासत हिंडलेले. माप म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी माझ्याकडून सगळी रीत समजून घेतली, बोटांवर दोन-तीन उदाहरणं सोडवली आणि म्हणाले, "म्हणजे वाटा दहाचा. त्यात सगळ्यांनी भागवायचं." मला वाटलं, बरं झालं, त्यांना वेळ घालवायला काहीतरी मिळालं.

दोन-चार दिवस अण्णा पलंगावरून घराचा वीजपुरवठा सांभाळत होते. कुणी बटणाला हात लावला की आतून खोल आवाज यायचा, "किती?" (तुझी भाचेसून एकदा नुसतं दार लावत होती, तरी सवयीनं "शून्य" म्हणाली.)

मग परवा फार गारठा पडला. मी दुपारी जेवायला घरी आलो आणि दारातच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरघर येत नव्हती. खोलीत हीटर लालबुंद पेटलेला, समोरच्या खाटेवर आई पांघरुणात झोपलेली, आणि अण्णा उशीला टेकून बसलेले. ओठ निळे, खांदे प्रत्येक श्वासाला वर चढत होते. नळी नाकात जागच्या जागी, पण यंत्र बंद. बोटाला लावून प्राणवायू मोजतात ते चिमट्यासारखं यंत्र लावलं तर आकडा अठ्ठ्याहत्तर. नव्वदच्या खाली गेला की काळजी करा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हीटर बंद केला, यंत्र सुरू केलं आणि त्यांचा हात धरून बसलो. आकडा इतका हळू चढतो, आत्या. पंच्याऐंशीवर बराच वेळ अडून राहिला. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही.

बोलता यायला लागल्यावर मी विचारलं, "अण्णा, मशीन कुणी बंद केलं?"

"मी." मग दम खाऊन म्हणाले, "तिचे गुडघे गारठले होते. हीटर एकटा लावला तर दहात बसतो. माझे दीड मी सोडले."

हिशेबात एक चूक नव्हती. माझ्यासारख्या चुका काढणाऱ्याला तिथं खूण करायलाही जागा सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून यंत्रासाठी स्वतंत्र लाइन ओढून घेतली. आता हीटर आणि यंत्र शेजारी शेजारी चालतात आणि बटण पडत नाही. इकडची काळजी नसावी. तुझ्या डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.

तुझा भाचा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता लिहितो. लाइन वेगळी झाली तरी "पुन्हा असं करणार नाही" असा शब्द अण्णा देत नाहीत. विचारलं की भिंतीकडे बघतात. ते आजवर फक्त तुलाच भ्यायले आहेत. तेव्हा एकदा फोन करून चांगलं खडसाव आणि शब्द घे. मी कळवलं हे मात्र सांगू नकोस.

ता. क. दुसरा. फार खडसावू नकोस. दम लागतो.

वन्सं, मुलानं पत्र पाकिटात घालून चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. त्या दुपारी मी झोपले नव्हते. ह्यांनी उठून माझ्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हलले तर लाजून काढून घेतील म्हणून डोळे मिटून पडून राहिले. घरघर थांबलेली मी ऐकली होती, वाटलं लाइट गेली. हीटर तर ऊब देत होता, म्हणजे लाइट होती, पण तेही सुचलं नाही. फोन कराल तेव्हा आधी मला बोलवा, आणि काय रागवायचं ते मला रागवा.