पाठीवरची अक्षरं

३ मार्च
कंबरदुखीला चार वर्षं झाली. डॉक्टरांनी हात झटकून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगी. पाठीच्या चित्रावर नऊ चौकोन, प्रत्येकाला नंबर. ती पाठीला पेनाचं टोपण लावणार, मी नंबर सांगायचा. वीसपैकी चार बरोबर. म्हणे, दुखून दुखून मेंदूतला पाठीचा नकाशा पुसट होतो, सरावाने परत उमटतो. तीस वर्षं जमिनीचे नकाशे काढतोय मी. मला नकाशा शिकवते. टोपणच बोथट होतं.

४ मार्च, सकाळी ६
निश्चय: रोज दोनदा सराव, शिवाय व्यायाम. आठ दिवसांत तिचे दात तिच्याच घशात.

सकाळी ९
व्यायाम राहिला. सतरंजी सापडली नाही. बायकोचा गलथानपणा.

६ मार्च
बायको टोपण लावते. वीसपैकी तीन. तिला पाचवा चौकोन कुठे तेच कळत नाही. तसं सांगितलं. म्हणाली, पाठ तुमची आहे. उद्धट.

९ मार्च
समोर दाढीचा आरसा, मागे कपाटाचा. वीसपैकी वीस. बायकोने आरसा पाहिला, टोपण टेबलावर ठेवून आत गेली. कौतुक करणं तिच्या रक्तातच नाही.

११ मार्च
क्लिनिकमध्ये आरसा नाही. पुन्हा चार. पोरीचे हात गार होते, तोंडावर सांगितलं. आता पाठीवर बोटाने अक्षरं काढायची, मी ओळखायची. बायकोला बोलावून शिकवलं. दोघी माझ्या पाठीमागे हसल्या. अक्षरशः.

१४ मार्च
बायकोचं अक्षर मुळातच गचाळ. ग काढते, म वाटतो. कित्ता गिरव म्हटलं. ती म्हणाली, चार वर्षं ह्या पाठीला मलम चोळतेय, एकदाही बरं वाटलं म्हणाला नाहीत. मी म्हटलं, वाटलं असतं तर म्हटलं असतं.

१७ मार्च
आज तिने न सांगता आख्खा शब्द काढला. सावकाश, बोट दाबून. लगेच ओळखला: प्रेम. ह्या वयात. म्हटलं, असले चाळे नकोत, नेमून दिलेलं कर. शर्ट माझ्या खांद्यावर टाकून ती आत गेली.

१८ मार्च
बायको मुलीकडे गेली. मोठी बॅग नेली. दोन दिवसांत येईल.

२५ मार्च
मुलीला फोन केला. आई फोनवर यायला तयार नाही. म्हटलं, मग ते पाठीवरचं प्रेम कुठे गेलं. मुलीने आईला विचारून सांगितलं, शब्द ‘पुरे’ होता.
कागदावर लिहून तपासलं. प बरोबर. र बरोबर. मात्राही बरोबर. म्हणजे सुधारणा आहे.
पुढचा शब्द काढायला घरात कुणी नाही.