विहिरीपर्यंतची वायर

१ मार्च १९७६

धुळाही नाही म्हणाला. लाकूडतोड्यांपैकी हा तिसरा. परसातली वेडी बाभूळ लांबूनच बघितली, कुऱ्हाड खांद्यावरून उतरवलीसुद्धा नाही. "तितं तुमचं पोरगं गेलं की वो मालक. तितं आमी हात लावत न्हाय." अव्वानं दिलेला चहा मात्र प्यायला.

अप्पांनी त्याला दारापर्यंत सोडलं. मग म्हणाले, माणसं भितात तर मशीन आणू. अण्णारावांच्या दुकानात धरणाच्या कामावरून उतरलेल्या विजेच्या करवती आल्यात म्हणे. "नीला, तू बघून ठरव. विंग्रजी तुलाच येतं."

आमच्या घरात मलाच येतं. आई-वडिलांना, अव्वा-अप्पांना, सहीपुरतं. औषधाची बाटली मी वाचते, विजेचं बिल मी वाचते. आता हेही.

पण विजेची! अप्पांना हे सुचलं तरी कसं? माझा भाऊ विजेनंच गेला ना.

३ मार्च

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून पूर्वी विहीर दिसायची. आता नुसते काटे. अण्णा — माझा मोठा भाऊ गुरुबसप्पा — दर उन्हाळ्यात बाभूळ तोडायचा. दुष्काळानंतरच्या पावसात तो गेला, आणि त्याच पावसात जुन्या खोडांतून ती जी वाढली ती वाढलीच. एकेक बुंधा मांडीएवढा. नळाला दिवसाआड पाणी, उन्हाळा दारात. विहिरीला पाणी असणार, पण अडीच वर्षांत कुणी डोकावलेलं नाही. अप्पांचा उजवा खांदा गिरणीच्या नोकरीतच गेला. त्यांच्यानं कुऱ्हाड उचलत नाही. म्हणजे करवत हवीच. कळतं मला.

बोर्डापासून काट्यांपर्यंत वायरीचं अंतर मोजलं. साठ फूट. पुढे विहिरीपर्यंत जाता आलं नाही. विहिरीवरच्या मोटरची जुनी वायर किती होती ते आठवून लिहिलं — नव्वद.

५ मार्च

अप्पांबरोबर दुकानात. करवती दोन. एक लोखंडी, जड, लांब पात्याची. अप्पांनी तीच उचलली. गिरणीतल्या माणसाला लोखंडच आवडायचं. दुसरी लहान, वरून जाड प्लास्टिक, खेळण्यासारखी.

मी दोन्हींची माहितीपत्रकं मागितली. लोखंडीचं अर्धं फाटलेलं. तिला तीन पिना — तिसरी अर्थिंगची. आमच्या घरात तिसरं भोकच नाही. मी विचारलं, आतली वायर सुटली तर? करंट बाहेरच्या लोखंडात उतरला तर? पायाखाली ओल असली तर? अण्णाराव म्हणाले, "बाई, करवत घ्यायला आलाय का स्थळ बघायला?" अप्पाही हसले. मग अण्णारावांनी लोखंडी चालू करून दाखवली. मी दुकानाबाहेर. आवाज थांबला तरी हात कानांवरच.

परत आत गेले तर अण्णाराव हळू आवाजात विचारत होते, मुलगा कसा गेला. अप्पा म्हणाले, "फ्यूज काढायचा विसरला. विसराळूच होता."

सगळ्यांना हेच सांगतात.

७ मार्च

आज लिहून टाकते.

आमच्या घरचा नियम असा. वायरीचं काम करायचं तर बोर्डातला फ्यूज काढायचा आणि आपल्या खिशात ठेवायचा. फ्यूज खिशात म्हणजे काम चालू. बोर्डाखालच्या फळीवर म्हणजे नवी तार घालून तयार, कुणीही लावावा. दर आठवड्याला जळायचा, म्हणून फळीवर तो बघायची सवयच होती.

त्या दुपारी आभाळ भरलेलं, घरात अंधार. मी भाकरीचं पीठ मळत होते. फळीवर फ्यूज दिसला. लावला. दिवा लागला. परत पिठात हात घातले.

अण्णा विहिरीवर मोटरची वायर जोडत होता. आंघोळ करून तसाच गेलेला, टॉवेल गुंडाळून. टॉवेलला खिसा नसतो.

ओरडला. अप्पा धावत आत आले, फ्यूज उपटला, तसेच बाहेर पळाले. मग शेजारपाजार जमला. फ्यूज बोर्डातून उपटावा लागला, म्हणजे पोरानं काढलाच नव्हता, असं सगळ्यांनी धरलं. मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

एक हाक मारायची होती. अण्णा, लावू का? तीन शब्द.

तेव्हापासून मी बोर्डाला हात लावलेला नाही. दिवासुद्धा अव्वा लावते. तिला वाटतं, मी भित्री आहे.

९ मार्च

लहान करवतीच्या पत्रकावर एक खूण आहे, चौकोनात चौकोन. डिक्शनरी घेऊन बसले. अर्थ असा — आत दुहेरी आवरण, करंट बाहेर येऊ शकत नाही, अर्थिंगची गरज नाही. चार वेळा वाचलं. कॉलेजात फिजिक्सच्या सरांना दाखवलं. बरोबर आहे म्हणाले. घरी येऊन पाचव्यांदा वाचलं.

१० मार्च

अप्पांना सांगितलं, लहान घ्या. "ही बुंधा कापंल का?" दोन्ही बाजूंनी कापावा लागेल, वेळ लागेल, म्हटलं. "तू म्हणतीस तर लहान." एवढंच. किती सहज! मी म्हणते म्हणून.

१६ मार्च

काल होळी. गल्लीतल्या पोरांनी शेजाऱ्यांचं फाटक पळवलं, कुणाची तरी बाज पळवली. आमच्या परसातल्या एका काटकीला हात नाही. अव्वा सकाळी बघून आली आणि देवघरात जाऊन बसली.

२० मार्च

करवत आली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वर पोतं. येता-जाता वाटतं, पोत्याखाली कुणीतरी बसलंय. गुडघे जवळ घेऊन. आमच्यात बसवून पुरतात; अण्णाला मातीत बसवलं होतं, तसं.

पोतं काढून बघितलं. करवतच.

२२ मार्च

अव्वानं काट्यांना लांबून हळद वाहिली. कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. मला एकच शब्द कळला — बिडू. सोड.

कुणाला सोड म्हणाली? अण्णाला, की बाभळीला?

२३ मार्च

सकाळपासून कापणी. करवत अप्पा डाव्या हातानं तोलतात, उजवा नुसता आधाराला. अकरा बुंधे पडले. मी दारात, वायरीवर नजर.

बाराव्याला करवतीची साखळी अडकली. ती हातानं सोडवायची होती. अप्पांनी पिन काढली. तेवढं पुरे होतं, पत्रकात तसंच लिहिलंय. पण ते आत आले, बोर्डातला फ्यूज काढला आणि माझा हात धरून तळहातावर ठेवला. "मुठीत धर. मी सांगितल्याबिगार लावू नको."

त्यांच्या सदऱ्याला खिसा होता.

ते काट्यांत गेले. मी मूठ आवळून बोर्डाखाली उभी. फळीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघतच राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पायांना मुंग्या आल्या.

मग अप्पा लांबून म्हणाले, झालं. तरी मी लावेना. दारात गेले. चौकट धरून हाक मारली.

"अप्पा, लावू का?"

"लाव."

मी लावला.

दुपारी विहीर दिसली. पाणी बरंच खाली आहे, पण आहे.

२४ मार्च

अप्पा विहिरीच्या काठावर बसले होते. मी जवळ जाऊन बसले. सांगायला तोंड उघडलं.

त्यांनी पाण्याकडे बघतच म्हटलं, "फ्यूजला वलं पीठ लागलं होतं. लोक यायच्या आत मीच पुसलं."

मग माझ्याकडे वळून — "विसराळू न्हवता गुरू."