कांद्याच्या चाळीशेजारची खोली

चाकण, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. तेजल हीस मुरारीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो? प्रीतमरावांचा खोकला गेला का? इकडं काकू बरी, तुझ्या आईची शुगर आटोक्यात. तुझा फोन सदा मिटिंगमध्ये, म्हणून शेजारच्या आदिनाथच्या हाती पत्र देतोय. तो दिघीवरूनच कामाला जातो.

इन्कमटॅक्सची नोटीस आली म्हणून तू आईपाशी रडलीस, असं कळलं. तडक उद्धवरावांकडं गेलो. ते म्हणाले, अख्ख्या गावाचे फॉर्म मी भरतो, शेतीचं उत्पन्न दाखवतो, आजवर कुणाला नोटीस न्हाई. तुझंही तसंच दाखवा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. लग्नाआधी वर्षभर तू आपल्या कांद्याच्या चाळीशेजारच्या खोलीत बसून डेन्मार्कच्या कंपनीसाठी राबलीस, मग ते शेतातलंच उत्पन्न न्हाई तर काय? पैसा डेन्मार्कचा, घाम इकडचा. सरकारचं त्यात गेलं काय? माझं तर डोकं बधिर झालंय. चुकलं कुठं ते सांग.

तुझा,
मुरारीकाका

दिघी, १३ नोव्हेंबर

ती. मुरारीकाकांस तेजलचा शि. सा. नमस्कार.

इथे सगळे ठीक. सासूबाई जिना चढू लागल्या.

काका, घाम इकडचा म्हणूनच कर इकडचा. मी इथे राहिले, इथे बसून काम केलं. पगार कुठल्या देशातून आला हे कोण बघतो? कांदा विकला तर ती शेती, कांद्याशेजारी बसून कॉम्प्युटर चालवला तर नोकरी. इथल्या कंपन्या पगारातूनच कर कापतात. डेन्मार्कवाले कापत नाहीत, तो मीच भरायला हवा होता. आणि फॉर्म भरताना तुम्ही ओटीपी मागितलात तेव्हा मी मिटिंगमध्ये होते, काही न विचारता सांगून टाकला. शहाणी मीच.

आता कंपनीला महिनाअखेर कर भरल्याचा कागद हवाय, नाहीतर करार बंद. प्रीतमच्या कारखान्याला निम्मा महिना सुट्टी असते, घर माझ्यावर चाललंय. चिडचिड होते ती यामुळे, तुमच्यावर नाही. सीए अंजलीताई म्हणतात, डिसेंबरपर्यंत रिटर्न सुधारता येतं, कर आणि व्याज भरावं लागेल. नोटिशीच्या उत्तरासोबत तुमचं एक पत्र लावू म्हणाल्या, खोलीबद्दल जे खरं ते लिहिलेलं. द्याल ना?

आपली,
तेजल

चाकण, १६ नोव्हेंबर

चि. सौ. तेजल हीस आशीर्वाद.

पत्र सोबत जोडलंय. तीन कागद फाडले तेव्हा हा जमला. उद्धवराव म्हणत होते, लिहून कशाला देता, हात वर करा. त्यांना म्हटलं, पोरीच्या संसाराला आग लागली तर तुमचा फॉर्म ती विझवणार न्हाई.

लिहिलंय ते असं: माझी पुतणी माझ्या शेतातल्या खोलीत बसून परदेशी कंपनीची नोकरी करत होती. त्या खोलीत काही पिकत नाही. सही करताना या ओळीवर हात अडला बघ. त्या खोलीतून तुझ्या बापाच्या माघारी तुझ्या आईचं औषधपाणी निघालं, तुझं लग्न निघालं. पण सरकारला ते पीक चालत नसेल, तर राहू दे.

खोली झाडून ठेवलीय, इंटरनेटची वायरही काढलेली न्हाई. दिघीत गलका झाला की इथं येऊन बस. कर मात्र आधी भर.

माया पातळ होऊ देऊ नकोस. कागद पोचल्याचं दोन ओळीत लगेच कळव, वाट बघतोय.

तुझा,
मुरारीकाका