जिना चढून येणारा जावई

धुळे, ५ जानेवारी २०२६

चि. शालिग्रामास ताईबाईचे अ. उ. आ.

फोनचा नाद सोडला, म्हणून पत्र. काल तुझ्या दुकानात कुणाचा तरी हॉर्न तपासणं चाललं होतं आणि इकडे खिडकीखाली पारोळा रोड रोजच्यासारखा बोंबलत होता. एवढा वेळ बोललो, पण मला कळलं ते इतकंच, की तू जिवंत आहेस.

तर ऐक. चोपड्याचं स्थळ मोडलं. मुलगा पुनमला फिरायला न्यायला आला. जिना चढायचा कंटाळा, म्हणून खालूनच हॉर्न, तोही दूधवाल्यासारखा. तुझी भाची गॅलरीत गेली आणि वरूनच म्हणाली, की आज हॉर्न वाजवून बोलावतोस, उद्या पाण्यासाठी घंटी वाजवशील. जा बाबा आपल्या घरी. तुझे दाजी दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे माझ्यासमोर जेवले नाहीत. आता तिची अट अशी, की ऊठसूट हॉर्न वाजवणारा नवरा नको. हे पत्रिकेतल्या कुठल्या घरात बघायचं, तूच सांग.

तुझ्याच जळगावात, मेहरूणचं एक स्थळ आहे. मुलाचं नाव समाधान, केळीची रोपं करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. अठरा तारखेला, रविवारी, आमच्याकडे येतोय. फोटो पाहून पुनमने अजून एकही नाव ठेवलेलं नाही, म्हणजे आवडलाय. पण हेही फसलं तर यापुढे स्थळच बघणार नाही, असं तिने बजावलंय. तू गाड्यांच्या वायरिंगमधला माणूस. त्याला कळू न देता पारख कर आणि कळव.

बहिणीची आठवण फक्त भाऊबीजेपुरती ठेवू नये.

तुझी अक्का


जळगाव, १५ जानेवारी २०२६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पारख झाली, आणि अशी झाली की इंजिनिअरने वहीत उतरवून घ्यावी.

मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही. जे शिकलो ते उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून. म्हणून ठामपणे सांगतो, की हॉर्नबद्दल माणसाला विचारू नये. विचारलं तर प्रत्येक जण सांगतो की दुसरेच वाजवतात. गाडीलाच विचारावं. आपल्याकडे ब्रेक गेला तर माणूस जेवून, झोप काढून दुकानात येतो. हॉर्न गेला तर धावत येतो.

हे स्थळ सुचवणाऱ्या नवलने समाधानला हेडलाइट मंद आहेत म्हणून माझ्याकडे पाठवलं. मी मुलीचा मामा, हे आम्ही दोघांनीही त्याला सांगितलं नाही. हेडलाइटचं काम चोख केलं. मग तो चहाला गेला तेव्हा जाळीमागे हात घालून हॉर्नचा प्लग काढला. कापला नाही, काढला. टोकाला टेप गुंडाळली आणि वायर नीट बाजूला बांधली. हेतू वाकडा असला तरी काम वाकडं करू नये. निघताना त्याला सांगितलं, की या वायरिंगकडे आता दहा वर्षं बघायला नको.

हॉर्नबहाद्दर असता तर चौफुलीवरून परत फिरला असता. आठवडा झाला, आला नाही! अक्का, त्या मुलाला आपला हॉर्न बंद आहे हेच ठाऊक नाही, कारण त्याने बटणाला बोटच लावलेलं नाही. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. रविवारी खिडकीत बसून ऐका. काहीही ऐकू येणार नाही.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.

तुझा शालिग्राम


धुळे, १९ जानेवारी २०२६

चि. शालिग्रामास अ. उ. आ.

तुन्हं डोकं ठिकाणवर शे का रे?

मुलगा आला, तो एसटीने. जिना चढून वर आला, दारात चपला ओळीत ठेवल्या. दाजींनी विचारलं, की गाडी का नाही आणली. तर म्हणाला, हॉर्न बंद आहे. दुकानातून गेला त्याच संध्याकाळी त्याला कळलं. गल्लीत गाडी मागे घेताना एक म्हातारी आडवी आली. त्याने एकदाच बटण दाबलं, तर गाडी मुकी. ब्रेक लागला म्हणून बरं. हॉर्नशिवाय हायवेला जाऊ नये म्हणून गाडी दारात उभी, आणि हा सायकलवर कामाला जातो.

मग दुरुस्त का नाही केला, असं मी विचारलं. तर म्हणे, तो वायरिंगवाला आपल्या कामावर इतका खूश होता, की परत जाऊन त्याची चूक दाखवायला मन धजेना. दुसऱ्याकडे नेली तर बाजारात त्याचं नाव जाईल. हाताचा फार चांगला माणूस आहे, पण विसरला असेल एखादी वायर, वय झालंय. तुझे दाजी पाणी आणतो म्हणून आत गेले आणि उशीत तोंड खुपसून हसले.

तो वायरिंगवाला कोण, हे आम्ही सांगितलेलं नाही. बाकी पुनम लिहिते आहे. बहिणीचं बोलणं मनात ठेव, मनाला लावून घेऊ नको.

अक्का

मामा, सा. न. माझी तक्रार हॉर्नवर नाही, उगाच वाजवणाऱ्यांवर आहे. त्या आजीला लागलं असतं तर? त्याच्याकडे जा, प्लग जोडा आणि खरं काय ते सांगा. माझा होकार आहे. पण तो मी तुमच्याच हाती पाठवते आहे. आधी कबुली, मग होकार. क्रम चुकवू नका. तुमची पुनम


जळगाव, २३ जानेवारी २०२६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

वय झालंय! पत्र वाचलं, शटर ओढलं आणि पेटी घेऊन तडक मेहरूण गाठलं.

समाधान घरीच होता. मी आधी बोनेट उघडायला लावलं. वायर दाखवून म्हणालो, की विसरलेली वायर लोंबकळते, ही बांधलेली आहे. टेपचं टोकसुद्धा दुमडलेलं आहे, नीट बघ. त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, की काका, मग काढली कशाला? तेव्हा सगळं सांगितलं. त्या म्हातारीचं आठवलं आणि खरोखर कान धरले. पुनमचं बरोबर आहे, ही परीक्षा दुकानात घ्यायची होती, रस्त्यावर नाही.

मला वाटलं, गेलं स्थळ, आणि मीच घालवलं. मग तो असा हसला की आतून त्याची आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. म्हणाला, की दोन आठवडे सायकल दामटवली ती एका वायरिंगवाल्याचं मन राखायला, आणि तो निघाला मामा!

मग क्रमाने पुनमचा होकार दिला. त्यानंतर त्याला हॉर्नचं, टेपचं, माझ्या वयाचं काही ऐकू येईना. त्याच्या आईने भरीत-पुरी खाल्ल्याशिवाय मला सोडलं नाही. प्लग जोडून मी त्याला वाजवून बघायला सांगितलं. त्याने एकदाच, हलकेच वाजवला. हॉर्नच्या दोन्ही चकत्या अगदी सुरात.

येत्या रविवारी तो गाडी घेऊन येतोय. पुनमला सांग, खिडकीशी कान लावून बसू नकोस. दार उघडं ठेव.

लोभ या हॉर्नसारखा असावा: कायम जोडलेला, उगाच न वाजणारा.

तुझा (वय न झालेला) शालिग्राम