तीन नंबरची जाळी

९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. इकडे सगळे ठीक आहेत. डाव्या हाताने लिहायचा सराव कुठवर आला? रोज फोन करणारी ही बया आज पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर मी 'जेवलास का' विचारते आणि माझं गाडं तिथेच अडतं, म्हणून.

कामाचं म्हणशील तर कालपर्यंत ढीग पडला होता. कंपनीच्या वर्धापनदिनाचे साठ फोटो वर्तमानपत्रांसाठी तयार करायचे होते. तू शब्द टाकून मला इथे चिकटवलंस तेव्हा विचारलं होतंस, फोटो काढून झाल्यावर तुम्ही दिवसभर करता तरी काय? सांगते. फरशीवरचे तेलाचे डाग घालवते, मळके गणवेश उजळ करते, ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही त्याला ते घालते. एकदा तर डुलक्या घेणाऱ्या स्टोअरकीपरचे डोळे उघडून दिले. त्याच्या बायकोने म्हणे तो फोटो भिंतीवर लावलाय. आमच्याकडे याला कुणी खोटं म्हणत नाही, 'आवरणं' म्हणतात. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तसं.

तुझाही फोटो आवरला होता मी, प्रेस मशीनपाशी उभा असलेला. पोट आत ओढून उभा होतास, म्हणून मी तुला चिडवलं होतं.

किती आडवळणं घेऊ दादा? तो फोटो काढला तेव्हा तुझ्या तीन नंबरच्या मशीनला जाळी नव्हती. हात आत जाऊ नये म्हणून असते तीच जाळी. तीन नंबरची दोन महिन्यांपासून दुरुस्तीला गेली होती. साहेब म्हणाले, उघडं मशीन पेपरात कसं द्यायचं, शेजारच्या चार नंबरची जाळी उचलून लाव. मी चार नंबरच्या फोटोतून जाळी कापली आणि तुझ्या फोटोत बसवली. पाऊण तास लागला. जोड कुठेच दिसत नाही म्हणून साहेबांनी पाठ थोपटली आणि मी दिवसभर फुगून फिरले. पुढच्याच आठवड्यात तुझी तीन बोटं गेली.

चौकशीत कंपनीने तोच फोटो पुढे केला. जाळी होती, कामगाराने स्वतः काढली, असं त्यांचं म्हणणं. मला आत बोलावलं ते फक्त फोटोची तारीख विचारायला. मी तारीख सांगितली. पुढचं कुणी विचारलं नाही आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. नोकरी जाईल या भीतीने, दुसरं काही नाही. तू तो फोटो बराच वेळ बघितलास आणि म्हणालास, "यात तर जाळी दिसतेय. मग मीच काढली असेन."

तेवढ्यावर तुला घरी बसवलं. वहिनी सांगत होती, हल्ली तू कुलूप लावून चार-चार वेळा बघायला परत जातोस, स्वतःवरचा भरवसाच उडालाय म्हणतोस. आणि चिडली की तीही बोलून जाते, 'जरा जपला असतात तर.' मी ऐकते आणि हं म्हणते. लाज वाटते मला माझी.

साहेबांच्या नावाने बोटं मोडून मी सुटणार नाही. हात माझेच होते.

तुझा आणि चार नंबरचा, दोन्ही मूळ फोटो मी ठेवले होते. आज सकाळी ते दोन्ही, आवरलेला फोटो आणि माझं सहीचं निवेदन तुझं अपील ज्यांच्यापुढे आहे त्या अधिकाऱ्यांच्या हातात दिलं आणि पोच घेतली. चार नंबरच्या जाळीला खाली उजवीकडे पोचा आहे. आवरलेल्या फोटोत तोच पोचा तुझ्या मशीनवर दिसतो. तिन्ही शेजारी ठेवले की कुणालाही कळेल. सोमवारच्या सुनावणीला मी येणार आहे आणि या वेळी तारखेवर थांबणार नाही. साहेबांनाही हे सांगितलं. त्यांनी माझं टेबल रिकामं करायला लावलं.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देऊन टाकशील, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे, आणि ती मला पचायची नाही. फक्त हे पत्र आजच वहिनीच्या हातात दे. आणि स्वतःही पुन्हा एकदा वाच. तू जाळी काढली नव्हतीस, दादा. ती तिथे नव्हतीच.

एवढं एक वाक्य बोलायला सात महिने लावणारी,
तुझी धाकटी